डाईव्ह कॉम्प्युटर मनगटावर असताना लॉगबुक कशाला लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक गृहस्थ, आयटीत काम करतात. गेल्या फेब्रुवारीत हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, स्कूबा डाईव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला. कोर्सचे आणि नंतरचे मिळून अकरा डाईव्ह झाले. पहिले पाच इन्स्ट्रक्टरने समोर बसवून लॉगबुकात, म्हणजे डाईव्हच्या नोंदवहीत, लिहून घेतले, पुढचे सहा राहिले ते राहिलेच. आता त्यांनी स्वतःचा डाईव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) घेतलाय, तो फोनला जोडला की नोंद आपोआप होते. त्यांचं म्हणणं, ‘मग शाळेच्या वहीसारख्या पुस्तकात पेनाने लिहायचा अट्टहास का? जुन्या लोकांची सवय, की खरंच उपयोग आहे? आणि राहिलेले सहा आता आठवून भरले तर चालतील का? नोव्हेंबरात मालवणला यायचा विचार आहे.’

मी मालवण-तारकर्ली पट्ट्यात सोळा हंगाम डाईव्हिंग शिकवतोय, त्यामुळे शेवटचं वाक्य वाचून जरा जास्तच लक्ष घातलं.

आधी कबुली देतो. लॉगबुक ज्या कामासाठी सुरू झालं, ते काम आज कॉम्प्युटर वहीपेक्षा चांगलं करतो. पाण्याखाली दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू निघतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये याची पहिली शास्त्रशुद्ध टेबलं छापली, आणि पुढची कित्येक दशकं डाईव्हर टेबलांवरच पाण्यात उतरायचे. दुसऱ्या डाईव्हचा हिशोब पहिल्याची खोली आणि वेळ हातात असल्याशिवाय लागायचाच नाही, म्हणून लिहिणं भाग होतं. १९८३ मध्ये ऑर्का एज नावाचा कॉम्प्युटर बाजारात आला आणि हा हिशोब हळूहळू यंत्राकडे गेला. आज खोली, वेळ, वर येण्याचा वेग, तापमान, पोर्ट ब्लेअरच्या विमानात बसायच्या आधी किती तास थांबायचं, हे सगळं तुमच्या मनगटावर आहे. (अनेक डाईव्हनंतर निदान १८ तास, हे मात्र यंत्राला न विचारताही पाठ असू द्या.) उद्या देव न करो आणि डीकम्प्रेशनची, म्हणजे मुरलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे झाल्याची, लक्षणं दिसली, तर डॉक्टरला माझ्या अक्षरापेक्षा तुमच्या कॉम्प्युटरमधला आलेख हजारपट उपयोगी पडेल.

तेव्हा कागद की ॲप, हा माझ्या मते खरा प्रश्न नाहीच. तुम्ही आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा सूट चढवाल, तेव्हा डाईव्हर म्हणून स्वतःबद्दल तुम्हाला काय माहीत असेल, हा प्रश्न आहे. कॉम्प्युटरला समुद्र कळतो. तुम्ही त्याला अजिबात कळत नाही.

तपासून बघा. त्या अकरा डाईव्हना पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला किती किलो शिसं होतं? सूट किती मिलिमीटरचा? डाईव्हच्या शेवटी, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप करताना शांत लटकला होतात, की वर ओढले जात होता? हे आठवत नसेल तर नोव्हेंबरातला तुमचा पहिला डाईव्ह अंदाजपंचे सुरू होणार. आणि डाईव्हरच्या निम्म्या तक्रारी, म्हणजे हवा लवकर संपते, पाय खाली जातात, सारखं बीसीडीचं (हवा भरून तरंगवणाऱ्या जाकिटाचं) बटण दाबावं लागतं, या शेवटी वजनापाशी येऊन थांबतात.

वजनाचं गणित शेवटी का बिघडतं ते सांगतो, कारण कोर्समध्ये हे घाईत उरकलं जातं. आपल्याकडे सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. २०० बार दाबाला त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते, आणि हवेलाही वजन असतं. दीडशे बार वापरले की जवळपास दोन किलो हवा फुग्यांबरोबर निघून गेलेली असते. म्हणजे सुरुवातीला नेमकं वाटलेलं वजन शेवटी दोन किलोंनी कमी पडतं. नवखा माणूस नेमका सेफ्टी स्टॉपलाच फुग्यासारखा वर जातो आणि त्याला वाटतं आपलं कौशल्य कमी पडलं. कौशल्याचा संबंध थोडा असतो, पण बऱ्याचदा एक किलोचा प्रश्न असतो. तो एक किलो त्याच संध्याकाळी लिहिला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच कसरत. पुण्यातल्या तलावात सराव करणार असाल तर आकडा आणखी बदलतो. गोड्या पाण्यात दोनेक किलो कमीच लागतात. तो वेगळा लिहा.

माझ्याकडच्या एका मुलाची चौदाव्या डाईव्हची नोंद त्याच्या परवानगीने देतो. व्याकरण त्याचंच आहे.

‘किल्ल्यामागे. जाने., अष्टमी. कमाल ९.४, सरासरी ६ मी. ४१ मि. हवा २०० ते ७०. ३ मिमी फुल सूट, ५ किलो. व्हिज. ५ मी. शेवटी वर ओढला गेलो, १ किलो वाढवणे. मास्क गळला, मिशी! व्हॅसलीन लावून बघणे नाहीतर काढणे. पिवळे मासे पुष्कळ, नाव विचारणे. डावा पाय गोळा आला.’

एवढंच. (‘व्हिज.’ म्हणजे व्हिजिबिलिटी, पाण्यात किती लांबचं दिसलं ते.) लिहायला चार मिनिटं लागली असतील. यातली खोली आणि वेळ कॉम्प्युटरने दिलीच असती, सिलिंडरचा दाब मनगटावर पाठवणारा ट्रान्समीटर असता तर हवाही दिली असती. पण एक किलो, मिशी आणि डाव्या पायाचा गोळा कुणी दिला असता? त्याने पुढच्या वेळी सहा किलो घेतले आणि फिनची (पायात घालायच्या वल्ह्याची) पट्टी एक खाच सैल केली. मिशी मात्र ठेवली. ती लग्नाआधी काढणार नाही म्हणाला.

आता हवेचं. वरच्या नोंदीतून एक आकडा काढता येतो आणि तो तुम्हाला नक्की आवडेल, कारण तुम्ही आकड्यांतले. १३० बार गुणिले ११.१ म्हणजे १,४४३ लिटर. भागिले ४१ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३५ लिटर. सरासरी सहा मीटरवर दाब १.६ बार, त्याने भागलं की पृष्ठभागावरच्या हिशोबाने मिनिटाला २२ लिटर. हा त्याचा त्या दिवशीचा खप. नव्या डाईव्हरला हा आकडा अगदी ठीक आहे. बावीस वाईट आणि पंधरा चांगला, अशी तुलना इतरांशी करायची नसते. उंचापुऱ्या माणसाची फुप्फुसं मोठी, करंटमध्ये पाय मारावे लागले की खप दुप्पट. तुलना करायची ती स्वतःच्या मागच्या पानाशी.

याचा उपयोग पुढे होतो. समजा तुम्ही खोटी आशा धरून तुमचा खप २० धरलात आणि कुणी तुम्हाला १८ मीटरवर न्यायचं म्हणतंय. तिथे दाब २.८ बार, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. ५० बार राखून दीडशे बार वापरायचे म्हटलं तर १,६६५ लिटर मिळतात. तीस मिनिटंसुद्धा पुरत नाहीत. कॉम्प्युटर मात्र तिथे पन्नासच्या आसपास मिनिटं दाखवत असेल, कारण तो नायट्रोजनचं बोलतोय, तुमच्या श्वासाचं नाही. या दोन आकड्यांतला फरक माहीत नसलेला माणूस बोटीवर मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो.

दुसरी गोष्ट शरीराची. ही माझी स्वतःची आहे. एका हंगामात माझ्या नोंदीत ‘उजवा कान उशिरा उघडला’ हे वाक्य चौदा डाईव्हपैकी नऊ ठिकाणी आलं. लिहिताना प्रत्येक वेळी वाटायचं, असेल सर्दी. मे महिन्यात निवांत बसून पानं उलटली तेव्हा लक्षात आलं की सर्दी एवढी टिकत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिलंच विचारलं, ‘कधीपासून? रोज, की अधूनमधून? किती खोलीवर?’ एरवी आपण ‘बरेच दिवस झाले’ म्हणतो. मी वही पुढे केली. नाकाचा पडदा वाकडा निघाला. कॉम्प्युटरच्या आलेखात माझे ते नऊ थांबे तीन-चार मीटरवरच्या बारीक पायऱ्या म्हणून दिसतच होते. पण ती पायरी कानामुळे, की खाली कासव दिसलं म्हणून, हे आलेखाला काय ठाऊक.

तिसरी गोष्ट समुद्राची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही मालवणला येणार आहात आणि मालवण म्हणजे हॅवलॉक नव्हे. तिथे वीस-पंचवीस मीटर आरपार दिसणं नेहमीचं. इथे चांगल्या दिवशी आठ-दहा, वाईट दिवशी स्वतःचे फिन दिसले तरी पुष्कळ. पावसाळ्यात तर सगळं बंदच. मग कुठल्या दिवशी पाणी उघडतं? आमच्या बोटीचे तांडेल, सगळे त्यांना आबा म्हणतात, सकाळी जेटीवर उभे राहून सांगायचे, ‘आज भांग आसा, पाणी नितळ गावतला.’ (भांग म्हणजे लहान भरती-ओहोटीचा दिवस.) पहिली दोन वर्षं मला वाटायचं हा अनुभवाचा तोरा. मग मी नोंदीत तारखेशेजारी तिथी लिहायला लागलो. दोन हंगामांनी पानं मांडली, तर चांगल्या व्हिजिबिलिटीचे बहुतेक दिवस अष्टमी-नवमीच्या आसपास आणि खराब दिवस अमावास्या-पौर्णिमेला चिकटून. कारण उघड आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ये-जा मोठी, तळाची वाळू आणि खाडीचा गाळ ढवळून निघतो. भांगाच्या भरतीला हालचाल कमी, गाळ खाली बसतो. वाऱ्याने यातही घोळ होतो, तेव्हा हा नियम दगडावरची रेघ समजू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते, हा कोकणातला जुना हिशोबही वहीत ताडून पाहिला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडं पुढेमागे होतं, पण बोट कधी सोडायची एवढं ठरवायला पुरतो.

तापमानाचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मी काही आठवडे अंदमानात होतो. त्या पानांवर ‘पाणी ३१, सूट नको’ असं खुशीत लिहिलंय, आणि दोन पानं पुढे ‘स्टॅगहॉर्न पांढरं, सगळीकडे’. तो प्रवाळ पांढरा पडण्याचा मोठा प्रसंग होता. उष्णता वाढली की प्रवाळ आपल्यातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं. त्या वेळी मला त्याचं गांभीर्य कळलं नव्हतं. आज ती दोन पानं एकापाठोपाठ वाचताना त्या ‘सूट नको’ची लाज वाटते.

आता समोरच्या माणसाचं लॉगबुक आम्ही कसं वाचतो, ते सांगतो. एकूण आकडा मी सर्वांत शेवटी बघतो. आधी शेवटची तारीख. सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल तर उथळ पाण्यात मास्क काढणं-घालणं आणि रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं उपकरण) शोधणं पुन्हा करून घेतो. मग कुठलं पाणी. सगळे डाईव्ह स्वच्छ, शांत पाण्यातले असतील तर इथल्या गढूळ पाण्यात आणि पुढेमागे झुलवणाऱ्या लाटेत मी त्याला स्वतःजवळ ठेवतो. एकदा एक पाहुणे आले, पन्नास डाईव्ह. वही उघडली तर एकच पेन, एकच अक्षर, आणि प्रत्येक पानावर १८ मीटर, ४५ मिनिटं. खरा समुद्र इतका शिस्तीचा नसतो. काही बोललो नाही, पण पहिला डाईव्ह सहा मीटरच्या खाली नेला नाही. तिथे मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं आणि गृहस्थ सरळ वर सुटले, मी बीसीडी धरून ठेवला म्हणून बरं. त्याच आठवड्यात एक ताई आल्या, नऊच डाईव्ह. सातव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘करंट आला, घाबरले, सरांचा हात सोडला नाही. वर आल्यावर रडले.’ त्या एका ओळीने माझं काम सोपं केलं. दोर धरून उतरवलं, करंट कुठून येतो ते आधी बोटीवर दाखवलं, त्यांचा डाईव्ह झकास झाला. नऊ आणि पन्नासमधला जाणता डाईव्हर कोण, हे तुम्हीच ठरवा.

आकड्याला अर्थच नाही असंही नाही. तुमची वाट कुठे चालली आहे त्यावर ते ठरतं. पॅडी या डाईव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत डाईव्हमास्टर कोर्सला बसायला ४० आणि पूर्ण करायला ६० नोंदलेले डाईव्ह लागतात, इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला १००. जोरदार प्रवाहाच्या ठिकाणी जाणाऱ्या बोटीही ठरावीक अनुभव मागतात. तिथे बडीची (सोबतच्या डाईव्हरची) किंवा इन्स्ट्रक्टरची सही, सेंटरचा शिक्का कामाला येतो. तुमचा तसा विचार नसेल, वर्षातून एकदा सुट्टीत गाइडबरोबर दोन डाईव्ह एवढीच हौस असेल, तर सह्या-शिक्क्यांच्या मागे लागू नका. वजन, सूट, हवा आणि एक तक्रार, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी बस्स. आणि मालवणात कोर्सशिवाय जो वीस-पंचवीस मिनिटांचा ‘स्कूबा’ करवतात, ज्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, तो वहीच्या शेवटच्या पानावर आठवण म्हणून लिहा, क्रमांक देऊ नका.

माझंही सगळं सोवळं नाही. २०१८-१९ मधले माझे जवळजवळ दीड वर्षाचे डाईव्ह वहीत नाहीत. दिवसाला चार-चार वेळा पाण्यात, कोण लिहितो, असं झालं. नंतर रेग्युलेटर सर्व्हिसला देताना किती वापरला ते सांगता येईना, तेव्हा पुन्हा सुरू केलं. आता शिकवण्याचे डाईव्ह एका ओळीत आणि स्वतःसाठीचे पूर्ण पान.

साधन कुठलं वापरायचं? ज्यात तुम्ही खरंच लिहाल ते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साध्या कॉम्प्युटरांची मेमरी ठरावीक तासांचीच असते, ती भरली की जुने डाईव्ह पुसले जातात, म्हणून वेळच्या वेळी उतरवून घ्या. आणि एका कंपनीच्या ॲपमध्ये सगळं कोंडून ठेवू नका. सबसरफेस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, अनेक कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधला डेटा वाचतं. २०११ मध्ये ते सुरू केलं लिनस टोरवाल्ड्स यांनी, लिनक्सवाले तेच, तेही डाईव्हर आहेत. तुमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून सांगितलं. त्यात वजनाचा आणि टिपणांचा रकाना असतो, तो मात्र हातानेच भरावा लागतो. मी स्वतः कागदावर लिहितो, कारण बोटीवर ओल्या हाताने फोन काढायचं जिवावर येतं. लिहायची वेळ त्याच दिवशी, चहा झाल्यावर, जेवणाच्या आधी. जेवल्यावर कुणी लिहीत नाही, हा सोळा वर्षांचा अनुभव.

राहिले तुमचे सहा डाईव्ह. तेव्हा कॉम्प्युटर भाड्याचा असणार, म्हणजे ती नोंद तुमच्याकडे नाही, हॅवलॉकच्या दुकानातल्या यंत्रात आहे, तीही तोवर पुसली गेली नसेल तर. सेंटरला फोन करून विचारा. बरीच सेंटरं रोजची यादी ठेवतात, निदान तारीख आणि जागा मिळेल. फोटो काढले असतील तर त्यावरची वेळ बघा. जे नक्की आठवतं तेवढं लिहा, बाकी रकाने मोकळे सोडा आणि कोपऱ्यात ‘नंतर आठवून लिहिलं’ असं टाका. खोली-वेळेचे आकडे मनाने भरू नका. मोकळा रकाना बघून मी दोन प्रश्न विचारेन, भरलेला बघून विचारणार नाही, आणि त्यात तोटा तुमचा आहे.

सहांपैकी एकाचं तरी वजन आठवलं तर मला ते हवंय. पाणी गार वाटू नये म्हणून तुम्हाला मी बहुधा जाड सूट देईन आणि तुमच्या आकड्यात एखाद-दुसरा किलो वाढवून जेटीजवळच तपासून बघेन. बीसीडी रिकामा, नेहमीचा श्वास रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. अष्टमी-नवमीच्या आसपासची तारीख धरा. आणि मिशी असेल तर व्हॅसलीन घेऊन या.